बालदंतचिकित्सा रेसिडेन्सी: निबंध आणि मुलाखतीची तयारी

प्रश्न: अमेरिकेतील बालदंतचिकित्सा रेसिडेन्सीसाठी मी ‘पास’ या दंतवैद्यकातील पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या केंद्रीय अर्जसेवेमार्फत अर्ज करत आहे. निबंधात ‘मला मुले आवडतात’ यापलीकडे काय लिहावे आणि मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १: एकच प्रसंग निवडा आणि तो नीट लिहा. माझ्या निबंधात खुर्चीत बसायलाही तयार नसलेली पाच वर्षांची मुलगी होती; तिच्या हातात आधी लहान आरसा दिला, मग पॉलिशिंगचा रबर कप तिच्या नखावर फिरवून दाखवला, तेव्हा कुठे तिने तोंड उघडले. मुलाखतीत चर्चा मुख्यतः यावरच झाली. तिने तोंड उघडलेच नसते तर पुढे काय केले असते, हेही विचारले गेले.

उत्तर २: हे प्रशिक्षण किमान २४ महिन्यांचे असते, त्यामुळे तुम्हीही प्रश्न विचारा: पूर्ण भूल देऊन होणारे उपचार आणि विशेष गरजा असलेली मुले यांचा अनुभव किती मिळतो? मॅचसाठी, म्हणजे उमेदवार आणि संस्था यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या पद्धतीसाठी, क्रम मात्र खऱ्या पसंतीनेच लावा, कारण वरची जागा हुकल्याने खालच्या जागेची संधी कमी होत नाही.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. निबंधाचा पहिला परिच्छेद आजच नव्याने लिहायला घेतो.