आरओवाल्याने पाणी तांबडं करून दाखवलं आणि माझी हुशार मुलगी फसली

खडूफळा:
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे लिहितेय.

मागच्या महिन्यात गावात आरओ फिल्टर विकणारा आला होता. एका ग्लासात नळाचं पाणी, एकात आरओचं, दोन्हीत लोखंडी दांड्यांचं यंत्र बुडवून बटण चालू केलं आणि दोन-तीन मिनिटांत नळाचं पाणी गढूळ तांबडं, वर फेस, आरओचं तसंच्या तसं. "बघा ताई, हे पिता तुम्ही." माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे लगेच हप्त्यावर फिल्टर आला. हिला सराव परीक्षेत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी ३७, विद्युत अपघटनाची (द्रावणातून वीज सोडल्यावर दांड्यांपाशी होणाऱ्या रासायनिक बदलाची) आकृती तर इतकी सुबक काढते. तिला विचारलं की अगं नक्की काय झालं त्यात, तर म्हणे "पाण्यातली घाण वर आली मॅडम."

ती चुकली असं मला वाटत नाही, मी जे विचारत आले त्याची उत्तरं तिला येतात. पण वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं पुढे सायन्सला जाणार नाहीत, त्यांचं विज्ञान दहावीतच संपणार. मग त्यांच्या हाती काय लागायला हवं? आणि पोर्शन संपवून हे जमवलंय का कुणी?

निवृत्त_मास्तर:
मॅडम, प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन १९७६ पासून घटनेच्या ५१क कलमात नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलाय, आपण दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, त्यावर भाषणं करतो, पण भाषणाने तो येत नाही. आणि धडा बाजूला ठेवूनही येत नाही हेही सांगतो, कारण त्या विक्रेत्याला पकडायला विद्युत अपघटनच यावं लागतं. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून वीज नीट वाहत नाही, म्हणून दांडी विरघळत नाही. तांबडं दिसतं ते दांडीचं लोखंड. मुलीला हे सगळं सुटं सुटं माहीत होतं, जोडायची वेळ कधी आली नव्हती इतकंच. तुम्ही वर्गात एवढंच करा, आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि तोच प्रयोग पोरांना करू द्या. फक्त घरच्या लाइटवर नको, ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन खिळे बास.

नर्मदाकाठ:
पेपर बदलल्याशिवाय शिकवणं बदलत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं, पुढे शेकडो शाळांत गेलं. सहावी ते आठवीची पोरं स्वतः करून बघायची, निरीक्षणं वहीत लिहायची आणि परीक्षेला पुस्तक-वही उघडी ठेवून बसायची, कारण पाठ काय आहे ते विचारायचंच नव्हतं. २००२ मध्ये सरकारने ते बंद केलं, याचं अजून वाईट वाटतं. बोर्डाचा पेपर आपल्या हातात नाही हे खरं, पण घटक चाचणी आहे ना? त्यात आरओवाल्याचाच प्रश्न टाका, 'त्याचा दावा खोटा ठरवायला काय करून बघाल?'

गावचं_पाणी:
मी शिक्षक नाही, ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहे. आमच्याकडे लोक टीडीएस मीटर घेऊन येतात की आकडा ४०० आला, पाणी खराब आहे. अहो टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, ५०० पर्यंत तर ठीकच धरतात, आणि जंतू आहेत का ते मीटरला कळतच नाही. त्यासाठी एचटूएसची बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं तर दूषित. टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर ओटी टेस्ट करतो, पिवळं आलं तर क्लोरीन शिल्लक आहे. पोरांना एक दिवस विहिरीवर घेऊन या मॅडम, सगळं हाताने करायला देतो.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, काल केलं. आरओच्या पाण्यात मीठ टाकल्यावर पंधरा मिनिटांत आधी हिरवट मग तांबूस झालं. वर्ग एकदम शांत. मग तीच मुलगी म्हणाली, "मॅडम पण रंग खिळ्यातनंच आला कशावरून, मिठातनं पण आला असेल." मला इतका आनंद झाला काय सांगू. तिनेच सुचवलं की मीठ तसंच ठेवून खिळे बदलू, म्हणून दोन्ही टोकांना तासलेल्या पेन्सिली लावल्या. बुडबुडे आले पण पाणी तांबडं झालं नाही. मात्र धनाग्राजवळ, म्हणजे बॅटरीच्या + टोकाला जोडलेल्या पेन्सिलीपाशी, उग्र वास यायला लागला, खिडक्या उघडल्या, तर मागच्या बाकावरचा एकजण ओरडला, "मॅडम, टाकीत टीसीएल टाकल्यावर येतो तोच वास आहे हा!"

दादा, पुढच्या शनिवारी विहिरीवर येतोय आम्ही, ४२ पोरं आहेत, चालेल ना?