एस्क्यूलाइट डेटाबेसमध्ये मराठी अक्षरांचा क्रम आतूनच मिळाला पाहिजे की नको?

रंकाळाकाठ: करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सभासदांची यादी मोबाईल ॲपवर आणली, आत एस्क्यूलाइट. दप्तर बघणारे काका वहीच्या सवयीनं शेवटी जाऊन क्षीरसागर शोधतात आणि ते सापडतच नाहीत, कारण ते बसलेत कौलवकर आणि खराडेंच्या मधी. माळी माशाळकरांच्या आधी. आणि ज्यांच्या नावामागं ‘ॲड.’ आहे ते वकील थेट तळाला, कारण यादी लागते अक्षरांच्या युनिकोड नंबरांनी आणि ॲ चा कोड ह च्याही पुढं आहे. काका म्हणाले यादीच चुकलीय, आणि मला ते बरोबर वाटतं. आत कोलेशन, म्हणजे क्रम लावायचे नियम, तीनच: बायनरी (थेट कोडनुसार), नोकेस (लहान-मोठी अक्षरं एकच), आरट्रिम (शेवटच्या मोकळ्या जागा सोडून), त्यातलं नोकेस फक्त इंग्रजीच्या २६ अक्षरांपुरतं. २००० सालापासून चालू असलेल्या, फोनाफोनात बसलेल्या डेटाबेसमधी आमची बाराखडी नको?

शाहूपुरी_डेव्ह: नको. अख्खी लायब्ररी एक एमबीच्या आत आहे, आयसीयू म्हणून भाषाभाषांचे क्रम सांभाळणारी लायब्ररी आहे, तिचा नुसता डेटा त्याच्या कितीतरी पट. आणि कुणाचा क्रम आत घालणार भावा? हिंदी कोशात क्ष क मधीच असतो, आपल्यात शेवटी. त्यात हे नियम बदलतात. २०१८ ला लिनक्सची मूळ लायब्ररी जीलिबसी, तिचं २.२८ आलं, क्रम बदलला आणि पोस्टग्रेस डेटाबेसचे टेक्स्टवरचे इंडेक्स (शोधायला आधीच क्रमानं लावलेल्या याद्या) बिघडले, युनिक असून डबल नोंदी शिरल्या. बायनरी क्रम कधी हलत नाही. ज्याला पायजे त्यानं आयसीयू एक्स्टेन्शन लावावं.

रंकाळाकाठ: लावून बघितलं की. त्यावर इंडेक्स केला आणि तीच फाईल लॅपटॉपवरच्या साध्या टूलमधी क्वेरी केली तर ‘असं कोलेशनच नाही’ म्हणून एरर. उद्या मी नसलो तर संस्थेनं स्वतःची यादी बघायची कशी?

लक्ष्मीपुरी_गूळ: आम्ही व्यापाऱ्यांच्या खात्यांना क्रमासाठी वेगळा कॉलम ठेवलाय, त्यात नावाची बदललेली प्रत, फाईल कुठंही उघडते. पहिल्यांदा ळ, क्ष, ज्ञ ला सगळ्यात मोठे कोड दिले तर मळगे मानेंच्या मागं गेले, मग कळलं की ते ह च्या पुढं पण काना-मात्रांच्या आधी बसायला पाहिजेत, तिथं मराठीला न लागणारे तीन कोड मिळतात ते वापरले. पण क्रमापेक्षा लई त्रास तुलनेचा. ॲ एकाच कोडचा येतो नायतर अ वर चंद्र देऊन दोन कोडचा, दिसायला सेम, डेटाबेसला दोन वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) सुद्धा ते एक करत नाही. एकाच माणसाची दोन खाती उघडली होती आमच्यात.

शाहूपुरी_डेव्ह: हे बरोबर केलंस. हे ॲपचंच काम.

रंकाळाकाठ: कॉलम मी आजच घालतो, पण पटलं नाही. तमिळवाला वेगळं लिहिणार, बंगालीवाला वेगळं, आणि प्रत्येकाचे मळगे एकदा तरी मानेंच्या मागं जाणार. पूर्ण आयसीयू नको मागत मी, एका भाषेचा नियम फाईलमधीच साठवता यावा, आवृत्तीच्या नंबरासकट, एवढंच. मग तो कुणाच्या अपडेटनं हलणार पण नाही.

शाहूपुरी_डेव्ह: फाईलमधी साठवलेला नियम... त्यावर विचार करतो. फाईल फॉरमॅट २०५० पर्यंत सांभाळायचा एस्क्यूलाइटवाल्यांचा इरादा आहे, सहजासहजी हात लावणार नाहीत.