‘जिंदगी वाटून घेतली’ म्हणजे काय? जुन्या वाटणीपत्रातले शब्द

वाळवेकर : जुनं घर उतरवताना माळ्यावर पितळी डब्यात मोडी कागद निघाला. ओळखीच्या एका मोडी जाणकाराकडून वाचून घेतला. तीन भावांचं वाटणीपत्र आहे. शकाचा आकडा वाळवीनं खाल्लाय, बाकी मजकूर शाबूत. ‘मिरास जमीन, तक्षीम तिजाई’ असं आहे, पुढं बैल, गाडी, भांडी. मोट मात्र सामाईक. आणि शेवटी ‘येणेप्रमाणे जिंदगी वाटून घेतली’. जिंदगी कशी वाटून घेणार? वाचणाऱ्याची चूक असावी का? खाली सहीच्या जागी नांगराचं चित्र काढलंय, तेही कळलं नाही.

कागदवेडा, सातारा : वाचणाऱ्याची चूक नाही. हिंदी सिनेमानं आपल्या कानावर ‘जिंदगी’चा एकच अर्थ बसवलाय. जुन्या मराठीत जिंदगी म्हणजे मालमत्ता, चीजवस्त. कोर्टाच्या जुन्या कागदांत ‘स्थावर जिंदगी’, ‘जंगम जिंदगी’ असे शब्द येतात. माझी आजी ‘जिनगी’ म्हणायची. ‘त्यानं दाव्यापायी समदी जिनगी घालवली’ म्हणजे त्याचं आयुष्य वाया गेलं असं नव्हे, रान गेलं. (तसं बघितलं तर कुणब्याला दोन्ही सारखंच.)

आता मिरास. ‘वारस’ आणि ‘मिरास’ हे अरबीतल्या एकाच धातूपासून आलेले, सख्खे भाऊच म्हणा. तेव्हा मिरास जमीन म्हणजे वारशानं चालत आलेली जमीन. ती कसणारा मिरासदार, त्यालाच थळकरीही म्हणत. तो जमीन विकू शकायचा, गहाण टाकू शकायचा. दुष्काळात किंवा लुटालुटीत परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी ‘माझी मिरास आहे’ म्हणून हक्क सांगायचा. गावाला तो ऐकूनही घ्यावा लागे.

ज्याला हे काही नव्हतं तो उपरी. तो कौल, म्हणजे मुदतीचा करार, घेऊन जमीन कसायचा आणि मुदत सरली की उठायचा. आजचा ‘उपरा’ त्याच घरातला. पुढं इंग्रजी अमलात मोजण्या झाल्या, सरकारात सारा भरणारा तो खातेदार ठरला आणि मिरास-उपरी हा भेद पुसत गेला. शब्द तेवढा टोमण्यात उरला : ‘अध्यक्षपद काय त्याची मिरास आहे?’

नांगर म्हणजे ‘निशाणी नांगर’. लिहिता न येणारा कुणबी किंवा पाटील कागदाखाली नांगर काढायचा, तीच त्याची सही. फाळ कुणीकडं आहे ते बघा आणि जमल्यास फोटो टाका.

खटावचा : तक्षीम म्हणजे हिस्सा, तिजाई म्हणजे तिसरा भाग. आमच्या जुन्या सातबाऱ्यावर हेच रुपयाच्या हिशोबात लिहिलेलं आहे, 5 आणे 4 पै. रुपयाचे 16 आणे, आण्याच्या 12 पै, म्हणजे एकूण 192 पै. त्याचा तिसरा भाग 64 पै, तेच 5 आणे 4 पै. विहिरीचा हिस्साही असाच आण्यांत. लहानपणी मला वाटायचं, एवढ्या मोठ्या विहिरीत आपले फक्त पाच आणे?

वाळवेकर : धन्यवाद दादा. आणखी एक राहिलं. एका तुकड्याला ‘गतकुळीचे रान’ म्हटलंय. कूळ लावलेली जमीन समजायची का?

कागदवेडा, सातारा : नाही, इथंच माणसं फसतात. आपल्या डोक्यात 1948 चा कूळकायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, म्हणून कूळ म्हटलं की दुसऱ्याची जमीन कसणारा. जुन्या कागदात कूळ म्हणजे घराणं. ज्या मिरासदाराचं घराणं बुडालं किंवा कायमचं निघून गेलं, त्याची जमीन गतकुळी. ती मग गावाच्या संमतीनं दुसऱ्याला मिरास करून देता यायची. तुमच्या पूर्वजांनी ती तशीच मिळवली असणार. त्या रानाचं नाव काय आहे बघा. आमच्याकडं एका पट्टीला ज्या आडनावानं ओळखतात त्या आडनावाचं आज गावात एकही घर नाही.

जाता जाता, गतकुळी होण्याची पाळी राजालाही चुकली नाही. 1848 मध्ये छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब वारले, डलहौसीनं दत्तक मानला नाही आणि साताऱ्याचं राज्यच खालसा झालं.

शिराळ्याची लेक : तिघा भावांचं नीट जुळलं. बहिणी किती होत्या, ते आहे का कागदात?

वाळवेकर : ताई, नाही. शेवटच्या ओळीत ‘बहिणीस चोळीबांगडी तिघांनी करावी’ एवढंच आहे. एकच होती की जास्त, तेही कळत नाही.

शिराळ्याची लेक : वाटलंच. तो शब्द गोड वाटतो, पण हिशोबात बसवून बघा : भावाला तिजाई रान, बहिणीला सणाला खण. 1956 चा कायदा आला, 2005 ला लेकीला जन्मानंच बरोबरीचा हिस्सा मिळाला, तरी तलाठ्याकडं आमच्यासाठी शब्द तयारच असतो, ‘हक्कसोड’. मी सही केली नाही, तर भावकीत ‘हिला जिनगीची हाव सुटली’ असं झालं. म्हणजे शब्द अजून जिवंत आहे हो, शब्दकोशात शोधायला नको.

खटावचा : ताई, बरोबर केलंत.

वाळवेकर, मोट सामाईक लिहिलीय त्याचं कारण पाळी. विहीर एक, मोट एक, पाण्याचे दिवस वाटलेले. ज्याची पाळी त्याचे बैल. मोटेचा नाडा (दोर) तुटला तर खर्च तिघांत. पाळीचे दिवस लिहिलेत का कुठं?

वाळवेकर : आहेत, ‘पाळी तीन तीन दिवस’. आत्ताच चुलत्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, अजून तेच चालू आहे की. मोटेच्या जागी पाच हॉर्सपॉवरची मोटर आली एवढंच. मागच्या महिन्यात स्टार्टर जळला, तेव्हा तिन्ही घरांनी सारखेच पैसे काढले. कुणी कागद बघितला नव्हता. नांगराचा फोटो उद्या टाकतो, फाळ डावीकडं आहे.