मास्ट्रिख्टला कॉन्फरन्स आणि फ्रँकफर्टहून रमतगमत गाडीने, कसं जमवायचं?

बाणेरकरीण

मंडळी, जरा सल्ला हवाय. सप्टेंबरच्या शेवटी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला माझी ऑफिसची कॉन्फरन्स आहे, सोमवार ते बुधवार, आणि कंपनी मुंबई-फ्रँकफर्ट परतीचं तिकीट देतेय कारण ट्रॅव्हल डेस्कला म्हणे तेच स्वस्त पडतंय. तर घरी असं चाललंय की नवरा आणि नऊ वर्षांची लेक यांची तिकिटं आपल्या खिशातून काढायची, आदल्या बुधवारी रात्री निघायचं, फ्रँकफर्टला गाडी भाड्याने घ्यायची आणि हळूहळू करत रविवारी संध्याकाळी मास्ट्रिख्टला पोचायचं. सरळ हायवेने गेलं तर तीनेक तासांचं अंतर आहे पण सरळ जायचंच नाहीये.

नवऱ्याचं म्हणणं एवढा खर्च करून जातोय तर पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम सगळं करून टाकू. मला ते नकोय हो. गावातल्या चौकात कॉफी घेऊन बसायचं, वाटलं तर पुढे जायचं नाहीतर नाही, असलं काहीतरी हवंय, कारण सोमवारी सकाळी मला प्रेझेंटेशन द्यायचंय आणि तिथे डुलक्या घेऊन चालणार नाही. दोघंही इथे रोज गाडी चालवतो, चांदणी चौक आणि हिंजवडी दोन्ही कोळून प्यायलोय, पण उजव्या बाजूने कधीच नाही. कॉन्फरन्सचे दिवस गाडीचं काय करायचं तेही कळत नाहीये. फिरणं आधी ठेवू का नंतर? आणि व्हिसा कोणाचा काढायचा, जर्मनीचा का नेदरलँड्सचा? जे सुचेल ते लिहा.

औंधचा भटका

फिरणं आधीच ठेवा, तुमचा विचार बरोबर आहे. कॉन्फरन्स झाल्यावर माणूस पार पिळून निघालेला असतो, शिवाय बॉसचे मेल सुरू झालेले असतात.

फक्त एक गोष्ट ऐका, विमानतळावर उतरल्या उतरल्या गाडी घेऊ नका. रात्रभर विमानात अवघडून बसायचं आणि सकाळी आयुष्यात पहिल्यांदा उजव्या बाजूने थेट ऑटोबानवर, म्हणजे जर्मन हायवेवर, जिथे कित्येक ठिकाणी वेगमर्यादाच नाही आणि मागून कोण किती वेगाने येतंय याचा आपल्याला अंदाजच येत नाही, कशाला नसता उपद्व्याप? विमानतळावरून लोकलने अर्ध्या तासात माइन्झ येतं. गुरुवारी तिथेच राहा. सेंट स्टेफान चर्चमध्ये चित्रकार मार्क शागालने केलेल्या निळ्या काचेच्या खिडक्या आहेत, दुपारी तिथे जाऊन नुसतं बसलात तरी जेट लॅग निम्मा उतरेल. गाडी शुक्रवारी सकाळी माइन्झमधूनच घ्या.

मग ऑटोबान विसरा आणि ऱ्हाइनच्या डाव्या काठाने बी ९ हा रस्ता धरा. बिंगेनपासून कोब्लेन्झपर्यंतची दरी २००२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे उतार आणि दर वळणावर एक किल्ला. बाखाराखला थांबा, लाकडी चौकटींची जुनी घरं आहेत. पुढे काउबच्या समोर नदीच्या मधोमध एक पांढरा किल्ला दिसतो, तो जकात वसूल करायला बांधलेला. म्हणजे टोलनाकाच, फक्त देखणा.

आणि एक गंमत, माइन्झ सोडलं की थेट कोब्लेन्झपर्यंत ऱ्हाइनवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर गाडीसकट फेरीत चढायचं. सांक्ट गोआरला फेरी आहे, लेकीला घेऊन नक्की पलीकडे जाऊन या, काही मिनिटांचाच प्रवास आहे पण पोरांना तोच लक्षात राहतो. मुक्काम सांक्ट गोआरलाच करा. शनिवारी कोब्लेन्झ, तिथे मोझेल येऊन ऱ्हाइनला मिळते तो संगम बघा, रोपवेने समोरच्या किल्ल्यावर जा आणि मग मोझेलच्या काठाने कोखेम. वाटेत बुर्ग एल्ट्झ हा किल्ला लागतो, तो हिवाळ्यात बंद असतो पण सप्टेंबरात उघडा मिळेल. सप्टेंबर म्हणजे द्राक्षं उतरवायचे दिवस, शनिवारी कोखेमला खोली ऐन वेळी मिळणार नाही तेव्हा ती आत्ताच बुक करा. रविवारी आयफेलच्या डोंगरांतून मोनशाउ, आखेन आणि मास्ट्रिख्ट.

सगळं मिळून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे पुणे-कोल्हापूरच्या दीडपट, तेही तीन दिवसांत. नवऱ्याला सांगा पॅरिस कुठे पळून जात नाहीये.

नारायणपेठी

वरचं सगळं ठीक. पण मूळ प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. सोमवार ते बुधवार बाई सभागृहात बसणार, गाडी हॉटेलच्या पार्किंगमध्ये बसणार आणि मीटर दोघांचंही चालू. कशासाठी? शिवाय जर्मनीत घेतलेली गाडी नेदरलँड्समध्ये सोडलीत तर दुसऱ्या देशात सोडल्याचा दंडच म्हणावा इतका जादा आकार लावतात, कधीकधी तर तो भाड्यापेक्षा जास्त निघतो.

सोपा उपाय आहे. गाडी आखेनला परत करा. आखेन जर्मनीत, मास्ट्रिख्ट तिथून तीसेक किलोमीटर. ३५० नंबरची बस आखेनहून व्हाल्समार्गे थेट मास्ट्रिख्टला जाते, तासाभरात. डच रस्ते, डच सायकली, डच पार्किंग, सगळ्या कटकटी एका फटक्यात संपल्या.

आखेनचं कॅथेड्रल मात्र चुकवू नका. सम्राट शार्लमेनचं आहे, बाराशे वर्षं जुनं, आणि युनेस्कोने १९७८ मध्ये पहिली बारा ठिकाणं निवडली त्यात ते होतं. बाकी आखेन तासाभरात बघून होतं.

आइंडहोवनकर

नारायणपेठी, व्यवहार बरोबर आहे तुमचा पण एक राहिलं. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात आणि भाड्याच्या गाड्यांची शहरातली ऑफिसंही बहुतेक बंदच. काही ठिकाणी चावी पेटीत टाकून जाता येतं, पण मग गाडीवरच्या ओरखड्यांचा वाद मागाहून ईमेलवर घालत बसावा लागतो. त्यामुळे ताई, रविवारची खरेदी शनिवारीच करून ठेवा, मुलीचा खाऊ, दूध, पाणी सगळं. मास्ट्रिख्टला रविवारी दुकानं उघडी असतात.

आणि गाडी नेदरलँड्समध्ये आणायचीच नाही हे मला काही पटत नाही. मास्ट्रिख्टच्या आजूबाजूचा दक्षिण लिम्बुर्ग हा या देशातला सगळ्यात जास्त चढउताराचा भाग, आम्ही सपाटीवरचे लोक सुट्टीत मुद्दाम तिकडे जातो. आखेनहून हायवे न धरता व्हाल्सवरून या. तिथे व्हाल्सरबर्ग म्हणून टेकडी आहे, उंची ३२२ मीटर, नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात उंच ठिकाण! जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स तिथे एका दगडापाशी मिळतात, लेक तीन देशांत उड्या मारत बसेल. (पुणं शहरच साधारण ५६० मीटरवर आहे, तेव्हा तिथल्या लोकांसमोर पर्वतीचा विषय काढू नका, बिचारे हिरमुसतात.)

पुढे मार्ग्रातेनला दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन सैनिकांची दफनभूमी आहे, आठ हजारांच्या वर कबरी, आणि त्यातली एकेक कबर इथल्या घरांनी दत्तक घेतलीय, फुलं घेऊन जातात, आजोबांकडून नातवाकडे ते काम येतं. पंधरा मिनिटं थांबाच.

आता चालवण्याचं. गाडी ऑटोमॅटिकच मागा आणि बुकिंग करतानाच मागा, ऐन वेळी मिळत नाही. नेदरलँड्सच्या हायवेवर सकाळी ६ ते संध्याकाळी ७ बहुतेक ठिकाणी मर्यादा १०० आहे, जर्मनीतून येणारा माणूस इथेच सापडतो. दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजतात त्यामुळे कॅमेरा दिसल्यावर ब्रेक मारायची आपली युक्ती चालत नाही. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले दिसले आणि त्यांची टोकं तुमच्याकडे असली की थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. काहीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती सायकल का असेना. लाल डांबर म्हणजे सायकलचा रस्ता, त्यावर चाकसुद्धा टेकवू नका. मुलीला सांगून ठेवा, दार उघडायच्या आधी मागे वळून बघायचं. आणि इथे हॉर्न नाही वाजवायचा. खरंच नाही.

पेट्रोल जर्मनीतच भरून घ्या, इथे महाग आहे.

बाणेरकरीण

बाप रे, किती छान लिहिलंयत सगळ्यांनी, धन्यवाद! माइन्झचं एकदम पटलं. सांक्ट गोआर आणि कोखेमच्या खोल्या बघायला लागले. आता गाडीचा तिढा असा की रविवारी आखेनला ऑफिस बंद, आणि मास्ट्रिख्टला सोडावी तर जादा पैसे. आणि व्हिसाचं कोणी सांगेल का? नवरा शाकाहारी आहे हे सांगायचं राहिलंच, तीन दिवस फक्त ब्रेड-चीज खाऊन त्याचं डोकं फिरेल.

फॉर्म भरणारा

व्हिसा: जिथे मुख्य काम किंवा जास्त मुक्काम तिथला. तुमची कॉन्फरन्स नेदरलँड्समध्ये, रात्री मोजल्यात तर जर्मनीत गुरु-शुक्र-शनि तीन आणि मास्ट्रिख्टला रविवार ते बुधवार चार, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेदरलँड्सच. पॅरिस घातलं असतंत तर हा हिशोब गुंतागुंतीचा झाला असता. तुमचा अर्ज बिझनेस, निमंत्रणपत्रासकट, आणि घरच्या दोघांचा टुरिस्ट, पण तिघांचे एकत्र भरा आणि कव्हर लेटरमध्ये सगळा कार्यक्रम तारखांसकट स्वच्छ लिहा. लपवालपवी नको, कॉन्फरन्सच्या आधीचे दिवस सुट्टी आहे हे सरळ सांगायचं. मोठ्यांना ९० युरो फी आहे, विमा कमीत कमी ३० हजार युरोचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो तेव्हा गणपती येईपर्यंत थांबू नका.

कंपनीचं: एचआरकडून ईमेलवर लेखी घ्या की आधीचे दिवस रजा आहेत आणि तिकिटाच्या तारखा बदलल्याने फरक पडला तर तो कोण भरणार. बऱ्याच कंपन्यांचा प्रवास विमा फक्त कामाच्या दिवसांपुरता असतो, आधीच्या दिवसांसाठी स्वतःचा काढा. ट्रॅव्हल डेस्कवाले फोनवर 'हो हो मॅडम' म्हणतात त्याला काडीचा अर्थ नाही.

लायसन्स: इंटरनॅशनल परमिट परिवहनच्या साइटवर अर्ज करून संगम पुलाच्या आरटीओतून मिळतं, वर्षभर चालतं, फी हजार रुपये. दोघांचंही काढा आणि मूळ लायसन्स बरोबर ठेवा, नुसत्या परमिटवर गाडी देत नाहीत. डिपॉझिटसाठी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्डावर काउंटरवर अडवतात. गाडी नेदरलँड्समध्ये नेणार हे बुकिंगमध्ये लिहून घ्या.

मुलगी: जर्मनीत १२ वर्षांखालच्या आणि दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना चाइल्ड सीट लागतेच, नऊ वर्षांची लेक त्यात येणार. भाड्याने घेतली तर दिवसाला पैसे, इथून बूस्टर सीट घेऊन गेलात तर विमानात चेक-इन करता येते.

पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको. शेंगेनमुळे या देशांच्या सरहद्दी एरवी खुल्या असल्या तरी २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आणि त्याच डिसेंबरपासून नेदरलँड्सने सरहद्दीवर मधूनमधून तपासणी सुरू केली.

कर्वेनगरची खवय्यी

शाकाहाराचं इतकं टेन्शन नको. ऱ्हाइनच्या भागात किसलेल्या बटाट्याचे थालीपिठासारखे कुरकुरीत प्रकार मिळतात, सफरचंदाच्या चटणीबरोबर, आणि फ्लामकुखेन (पातळ पिझ्झासारखा प्रकार) मागताना 'बेकन नको' सांगायचं, कांदा आणि क्रीमचा करून देतात. मास्ट्रिख्टला व्लाय म्हणजे तिथला फळांचा पाय खा, जर्दाळूचा किंवा चेरीचा. फक्त फ्रेंच फ्राइज घेताना कशात तळलंय ते विचारा, त्या भागात काही ठिकाणी अजून बीफच्या चरबीत तळतात.

औंधचा भटका

गाडीचा तिढा सोपा आहे की. रविवारी गाडी घेऊन व्हाल्सवरून मास्ट्रिख्टला या, रात्री हॉटेलवर लावा. सोमवारी ताई प्रेझेंटेशनला आणि साहेब लेकीला घेऊन गाडी आखेनला परत करायला. कॅथेड्रल दोघं निवांत बघतील, रविवारी घाई करायला नको, आणि ३५० नंबरने दुपारी परत.

नारायणपेठी

हे मला सुचायला हवं होतं. मान्य.

आइंडहोवनकर

झकास. मंगळवारी त्या दोघांना मास्ट्रिख्टच्याच सिंट पीटर्सबर्ग टेकडीच्या भुयारांत पाठवा, शेकडो वर्षं दगड काढून काढून झालेली आहेत, आत थंडी असते तेव्हा जॅकेट हवंच. मोझासॉर नावाचा जो प्रचंड समुद्री सरडा, त्याची प्रसिद्ध कवटी अठराव्या शतकात तिथेच सापडली आणि १७९४ मध्ये फ्रेंचांनी शहर घेतल्यावर ती पॅरिसला नेली, अजून तिथेच आहे. बुधवारी ट्रेनने लिएज, अर्ध्या-पाऊण तासावर बेल्जियम, स्टेशनच बघण्यासारखं आहे. ताई, तुम्हाला संध्याकाळी वेळ मिळाला तर डोमिनिकन चर्चमधलं पुस्तकांचं दुकान बघा, तेराव्या शतकातल्या चर्चच्या कमानींखाली तीन मजली लोखंडी कपाटं उभी केलीत. कॉन्फरन्स मेक सेंटरला असेल तर रांडविक स्टेशन शेजारीच आहे, गाडीची गरजच नाही. परत जाताना लिएज किंवा आखेनहून आयसीई ही जर्मन वेगवान ट्रेन धरा, फ्रँकफर्ट विमानतळालाच थांबते.

बाणेरकरीण

ठरलं! सोमवारचं काम सांगितल्यावर नवऱ्याने आधी 'म्हणजे मी ड्रायव्हर' असं तोंड केलं, मग मोझासॉरची कवटी पॅरिसला आहे हे वाचलं आणि परत तेच सुरू केलंय, लेकीला ती दाखवायलाच हवी म्हणे. आइंडहोवनकर, हे तुम्ही निस्तरा आता.