‘जरब’ आणि ‘दहशत’: मूळ काय, फरक काय?

म्हापसेकर: बातमीच्या मथळ्यासाठी विचारतोय. रात्री सुसाट गाड्या हाकणाऱ्यांवर पोलिसांनी ‘जरब बसवली’ लिहावं की ‘दहशत बसवली’? कोंकणीत ‘भेश्टायले’ (भीती घातली) म्हणून मोकळं होता येतं, मराठीत पेन अडतं. शिवाय ‘दहशत’ संस्कृत ‘दह’वरून आलाय असं एकानं ठासून सांगितलं. खरं का ते?

पोथीवाचक: ‘दह’शी काडीचा संबंध नाही. ‘दहशत’ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अरबीत ‘दहशा’ म्हणजे भीतीपेक्षा थक्क होणं, भांबावणं. त्याच धातूचं रूप ‘मदहूश’, त्याचं उर्दूत ‘मदहोश’ झालं. लोक त्यात ‘होश’ शोधतात, पण तो तिथं मुळात नाहीच!

‘जरब’ही अरबीच. ‘ज़र्ब’ म्हणजे घाव, ठोका. मोगली रुपयावर ‘ज़र्ब सूरत’ असतं त्याचा अर्थ ‘सुरतेत पाडलेला’, कारण नाणं ठशावर हातोडा मारून पाडत. उर्दूत गुणाकारालाही ज़र्बच म्हणतात. मराठीत घाव मागे पडला आणि घाव बसेल ही भीती तेवढी उरली.

पेडणेकार: मथळ्यात जरबच घ्या. जरब अधिकाराची असते: हेडमास्तरची, फौजदाराची. दहशत गुंडांची, बिबट्याची. ‘पोलिसांची दहशत’ लिहिलंत तर तो पोलिसांवरचा आरोप होतो.

क्रियापदं सांभाळा. दहशत बसते, पसरते, माजवतातही. जरब बसते किंवा बसवतात, ती ‘पसरली’ की वाक्य बिघडलं. धाक घालतात, दाखवतात. धास्ती मात्र भिणाराच घेतो.

लिंगातही घोटाळा होतो. धाक, वचक, दरारा पुल्लिंगी, म्हणून त्यांच्या ओघात ‘त्याचा जरब’ लिहिलं जातं. ‘त्याची जरब’ हवं. आणि बोलताना ज ‘जमीन’मधला, ‘जीव’मधला नव्हे.

म्हापसेकर: देव बरें करूं. मग ‘सुसाट चालकांवर पोलिसांची जरब’?

पोथीवाचक: त्यात ती बसली की बसायचीय, ते कळत नाही. जागा असेल तर ‘बसली’ घाला. दंड नुसताच वाढवला असेल तर ‘जरब बसेल असा दंड’ म्हणा, तेवढंच खरं.