शेंगा चटणीच्या पाकिटावर ठळक गोलाईदार फॉन्ट चालेल का?

चटणीघर_सोलापूर :
आमच्या घरगुती शेंगा चटणीच्या पाकिटाचे नवे लेबल करावयाचे आहे. नाव मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही लिपींत हवे, कारण आमचे निम्मे गिऱ्हाईक अक्कलकोटच्या बाजूचे आणि पूर्व भागातल्या पद्मशाली वस्तीतले आहे. डिझायनरने जाड, कोपरे गोल असलेला फॉन्ट सुचवला आहे. तो दिसायला गोड आहे, परंतु चटणी तिखट आहे. शिवाय सगळा मजकूर त्यातच घ्यावा का?

अक्षरजुळारी :
गोल टोकांमुळे अक्षर खाऊचे, खेळण्याचे, आपुलकीचे वाटते, हे खरे. पण हे वळण केवळ लहान मुलांच्या मालासाठीच आहे असे मुळीच नाही. १९७९ मध्ये फोक्सवॅगनने आपल्या मोटारींच्या व्यवसायासाठी असाच गोल कोपऱ्यांचा फॉन्ट करून घेतला होता. तिखटपणा रंगाने दाखवता येईल.

तुमच्या कामाला मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ हा फॉन्ट योग्य आहे, कारण देवनागरीबरोबर कन्नड आणि तेलुगू वळणेही त्याच कुटुंबात आहेत, त्यामुळे तिन्ही नावे एकाच हातची दिसतील. कन्नड फॉन्टचे नाव ‘बालू तम्मा’ आणि तेलुगूचे ‘बालू तम्मुडू’, म्हणजे दोन्हीकडे धाकटा भाऊच! परवाना खुला असल्याने छपाईसाठी पैसे पडत नाहीत.

मात्र देवनागरीत जाडी वाढली की शिरोरेषाही जाड होते आणि अक्षरांच्या पोटातील पोकळ्या आक्रसतात. ‘ध’, ‘क्ष’ किंवा ‘ष्ट्र’ लहान आकारात छापले, त्यातही गडद पार्श्वभूमीवर पांढरे ठेवले, तर शाई पसरून ती भोके बुजतात. गोलाईसुद्धा लहान आकारात दिसत नाही, अक्षर फक्त झिजल्यासारखे वाटते. म्हणून नाव तेवढे जाड ठेवा. घटक, वजन आणि तारीख ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये घ्या.

छापखाना_जुना :
वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो : तुमच्या नावात ‘श’ आहे आणि ‘सोलापुरी’ लिहिलेत तर ‘ल’ही येईल. देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ ही मराठी रूपे हवी असतील, तर ती फॉन्टमध्ये आहेत का ते आधी पाहा. असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडा, नाहीतर हिंदी वळणाची रूपे उमटतील. तसेच नमुना पडद्यावर मोठा करून न पाहता पाकिटाच्या खऱ्या आकारात, त्याच प्लास्टिकवर काढून घ्या.

चटणीघर_सोलापूर :
दोघांचेही आभार. काल नमुना काढला. नाव छान उठले आहे, पण ‘शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ’ ही ओळ जाड फॉन्टमध्ये खरोखरच एक काळी पट्टी झाली होती, म्हणून ती बदलायला दिली आहे.