पब्लिक पॉलिसी शिकवणारे प्राध्यापक : तुम्ही वर्गात काय शिकवता आणि संशोधन कशावर करता?

माणदेशी_मास्तर
नमस्कार मंडळी. तालुक्याच्या कॉलेजात लोकप्रशासन शिकवतो. यंदापासून एमएचा सार्वजनिक धोरणाचा पेपर माझ्याकडे आलाय. सिलॅबस बघितला तर लासवेल, लिंडब्लॉम हे अमेरिकन अभ्यासक, धोरणाचे टप्पे, अंमलबजावणी, मूल्यमापन असं सगळं ओळीने दिलंय आणि बाजारातल्या गाइडात पण तेच. माझी पोरं जत, आटपाडी, माण, सांगोल्याकडची. कुणाचं घर ऊसतोडीला जातं, कुणाच्या वाडीवर मार्चपासूनच टँकर, कुणाचे चुलते छावणीत जनावरं घेऊन राहिलेले. धोरण म्हणजे काय ते त्यांनी सोसलेलं आहे पण पेपरात ते कुठेच येत नाही आणि मला ते फार लागतं. माझा स्वतःचा अभ्यास चारा छावण्यांवर आहे, म्हणजे निकष कसे ठरतात, छावणी कोणाला मिळते, बिलं कशी निघतात वगैरे.
तर विचारायचं हे की तुमचं शिकवणं आणि संशोधन एकमेकांशी जुळतं का? जुळवता कसं? आणि मराठीतून शिकवणारे वाचायला काय देतात?

धोरणवाचक
सर, मी पुण्यात शिकवते. माझा संशोधनाचा विषय शालेय शिक्षण आणि त्याचं बजेट. वाचायला काय देता म्हणालात तर पहिले काही तास मी फक्त जीआर, म्हणजे शासन निर्णय देते. शासनाच्या साइटवर ढिगाने पडलेत, मराठीत आहेत, फुकट आहेत. पोरांना वाटतं जीआर म्हणजे रटाळ कागद. पण नीट वाचायला शिकवलं की त्यात अख्खं धोरण दिसतं. वर 'वाचा' म्हणून जुन्या निर्णयांची यादी असते, तिथून मागे मागे जात राहिलं की योजना कधी सुरू झाली, किती वेळा बदलली, मध्ये कोणता निकष गुपचूप गळाला ते कळतं. प्रस्तावनेत सरकारला प्रश्न काय वाटतोय ते असतं. मग मी सांगते लेखाशीर्ष शोधा, म्हणजे खर्च ज्या खात्यावर पडतो त्याचा क्रमांक. लेखाशीर्ष असेल तर पुढे अर्थसंकल्पाच्या पुस्तकात जाऊन पैसे खरंच ठेवलेत का ते बघता येतं. वित्त विभागाची सहमती आहे का ते शेवटच्या परिच्छेदात असतं, 'अनौपचारिक संदर्भ क्रमांक' असं लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली 'प्रत' म्हणून जी लांबलचक यादी असते ती तर कोणी वाचतच नाही, पण काम कोणाच्या टेबलावर जाणार ते तिथूनच कळतं. जिल्हा परिषदेचं नाव आहे का? ग्रामपंचायतीचं आहे का?
तुमच्या छावण्यांवरचे जीआर तर सोन्यासारखे आहेत. प्रत्येक दुष्काळातले शेजारी शेजारी ठेवा. मोठ्या जनावराला किती रुपये, किती किलो चारा, एका शेतकऱ्याची किती जनावरं घ्यायची, हे दर वेळी का बदललं एवढाच प्रश्न द्या, बघा पोरं किती बोलतात.

जुना_अर्थशास्त्री
मी आता निवृत्त आहे पण शिकवणं सुटलेलं नाही, आठवड्यातून एकदा जातो. माझं सगळं काम रोजगार हमीवर. माझ्या मते महाराष्ट्रात धोरण शिकवायचं तर रोहयोशिवाय पान हलू नये. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, त्यांनी ही कल्पना १९७२ च्या आधीच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात करून बघितलेली. मग दुष्काळ आला, राज्यभर ५० लाखांच्या आसपास माणसं दुष्काळी कामावर, खडी फोडायला, सुकडीवर म्हणजे दुष्काळात वाटलेल्या कोरड्या खाऊवर दिवस काढणारी. त्यातून योजना राज्यभर गेली, १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू. केंद्राने असा कायदा केला तो २००५ मध्ये! म्हणजे आपण पंचवीसेक वर्षं पुढे होतो.
वर्गात मी काय करतो ते सांगतो. नोकरी करणारे विद्यार्थी असले की त्यांना पगाराची स्लिप काढायला सांगतो. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा का कापतात? सहसा कोणालाच माहीत नसतं. १९७५ चा कायदा आहे तो, आणि या कराची सांगड रोजगार हमीशी घातलेली होती. शहरातल्या पगारदाराने द्यायचं आणि सरकारनेही आपला वाटा घालायचा, त्यातून गावातल्या माणसाला मागेल तेव्हा काम. एका राज्याने शहर आणि खेडं यांच्यात असा करार केला हे सांगताना मला आजही भरून येतं. एवढं झालं की मग खरी चर्चा सुरू होते की हक्क कायद्यात होता तर मग मजुराला काम का मिळत नव्हतं, आणि तिथे नमुना ४ येतो. कामाची मागणी त्या नमुन्यात लेखी द्यायची आणि तारखेची पोच घ्यायची. पोच नाही तर बेकारी भत्ता नाही. अख्खा हक्क त्या एका पावतीवर अडकलेला. अंमलबजावणीचं प्रकरण मी या पावतीपासूनच शिकवतो, पुस्तक नंतर.

पाणलोट
जुना_अर्थशास्त्री सरांशी सहमत, पण थिअरीला एवढं मागे ढकलू नका असं मला वाटतं. किंग्डन हा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ १९८४ मध्ये जे म्हणाला की प्रश्न, उपाय आणि राजकारण हे तीन प्रवाह वेगवेगळे वाहत असतात आणि एखाद्या क्षणी एकत्र आले की खिडकी, म्हणजे नवं धोरण आणायची संधी, उघडते, ते तुमच्या पागे साहेबांच्या गोष्टीला तंतोतंत लागू पडतं. उपाय आधीच तयार होता, दुष्काळाने खिडकी उघडली. ही चौकट नसेल तर पोरं म्हणणार दुष्काळ पडला म्हणून योजना आली. पण दुष्काळ तर त्याआधीही पडलेत आणि नंतरही, मग तेव्हाच का? हा 'तेव्हाच का' विचारायला थिअरी लागते.
मी मूळचा सिव्हिल इंजिनियर, भूजलावर काम करतो. वर्गात जलयुक्त शिवार ही राज्याची पाणी अडवायची योजना घेतो. डिसेंबर २०१४ चा जीआर, दरवर्षी ५ हजार गावं टंचाईमुक्त करायचं उद्दिष्ट, आणि मग कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा अहवाल जो २०२० मध्ये विधिमंडळात आला, ९ हजार ६०० कोटींहून जास्त खर्च आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसा परिणाम नाही असा शेरा. दोन्ही कागद समोर ठेवून विचारतो की आता तुम्ही ठरवा. काही जण लगेच सगळं फुकट गेलं म्हणतात. मग मी विचारतो त्या वर्षी पाऊस किती होता, विहीर कोणत्या खडकात आहे, पाणी अडलं पण त्याच पाण्यावर ऊस किंवा डाळिंब वाढलं का? भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर अशी मोजली जाते, ते आकडे घेऊन आम्ही एकेका गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतो. बेसॉल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, एका शिवारातल्या दोन विहिरी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, हे पोराने स्वतः दोरी सोडून मोजल्यावर त्याला मूल्यमापन कशाला म्हणतात ते कळतं.

तासिकावाली
सगळ्यांचं वाचून छान वाटलं पण एक मांडते. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे जेवढे तास तेवढं मानधन, दोन कॉलेजांत. मानधन महिनोन् महिने येत नाही, मे महिन्यात तर तासच नसतात. आमच्यासारख्यांचं संशोधन म्हणजे रात्री जे होईल ते. फिल्डवर जायचं भाडं कुठून आणायचं? राज्यात उच्च शिक्षणातला मोठा भाग आमच्यासारख्यांवर चालतोय आणि पब्लिक पॉलिसीच्या एकाही सिलॅबसमध्ये मला प्राध्यापक भरती हा विषय दिसला नाही. मी तोच अभ्यासाला घेतलाय. पदं का भरली जात नाहीत, वित्त विभागाची मान्यता कुठे अडते, आरक्षणाचं रोस्टर कसं लागतं. माहिती अधिकारात अर्ज टाकते, त्याला भाडं लागत नाही. आणि एमएच्या मुलींना अर्ज कसा लिहायचा ते शिकवते, कारण 'का' विचारलं की उत्तर येत नाही, अमुक नस्तीची (फाइलची) प्रत द्या म्हटलं की द्यावी लागते.

धोरणवाचक
@तासिकावाली ताई, हे लिहाच आणि मराठीत लिहा. नस्तीवरच्या टिपण्या मिळाल्या तर कोणत्या टेबलावर किती दिवस फाइल बसली ते सरळ मांडता येईल. छापायला मी मदत करते, मनापासून सांगतेय.

वैनगंगा
विदर्भातून लिहितोय. माझा विषय वनहक्क, म्हणजे जंगलावरचे गावाचे कायदेशीर हक्क. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी की सगळा अभ्यास विद्यापीठात होतो असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) ला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचं पासबुक, म्हणजे वाहतूक परवाने द्यायचं पुस्तक, ग्रामसभेच्या हातात आलं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यास गट बसायचे, कायदा वाचायचे, बाहेरच्या माणसाला बोलवून शंका विचारायचे, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत सर्वसहमतीने. मतदानाने नाही. आमच्या विषयात बहुमत, हितसंबंध, दबावगट एवढंच शिकवतात, सर्वसहमतीने चालणारी संस्था कशी टिकते यावर एक ओळ नाही. मी विद्यार्थ्यांना सर्व्हेचे फॉर्म घेऊन गावात पाठवत नाही. ग्रामसभेत मागे बसायचं, बोलायचं नाही, विषय कोणी काढला आणि बायका कधी बोलल्या तेवढं टिपायचं. नंतर लिहिलेलं मराठीत गावाला वाचून दाखवायचं. गाव दुरुस्ती सांगतं आणि ती बहुतेकदा बरोबर असते.

माणदेशी_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. पहिल्या सत्रात छावण्यांचे जीआर घेतो आणि किंग्डन त्याच्यासोबतच. एक अडचण मात्र आहे. विद्यापीठाचा पेपर जुन्याच पद्धतीने येणार, 'धोरणाचे टप्पे स्पष्ट करा' असा. पोरांचे मार्क गेले तर घरचे विचारणार.

जुना_अर्थशास्त्री
मार्क जाणार नाहीत. टप्पे तेच लिहू द्या, प्रत्येक टप्प्याखाली छावणीचं उदाहरण आणि जीआरची तारीख लिहायला लावा. मी बरीच वर्षं पेपर तपासलेत, गाइडातलं तेच ते वाचून कंटाळलेल्या परीक्षकाला असं उत्तर दिसलं की तो नीट वाचतो. आणि अंतर्गत गुणांची असाइनमेंट तर तुमच्याच हातात आहे, तिथे छावणी घाला. वि. म. दांडेकरांच्या समितीचा प्रादेशिक असमतोलावरचा १९८४ चा अहवाल लायब्ररीत आहे का बघा, त्यात अनुशेष, म्हणजे एखादा भाग विकासात किती मागे राहिला ते मोजायची पद्धत आहे, माणच्या पोरांना ती लागेल.